निंबाखालच्या झोळ्या

लेकराला न्हाऊ घालणं हे आमच्याकडं लाडाचं काम नव्हतं, मेहनतीचं होतं, आणि ते माझ्या सासूशिवाय दुसऱ्या कुणी केलेलं तिला खपत नसे. अंगणात न्हाणीच्या दगडापाशी ती दोन्ही पाय लांब करून बसायची, लुगडं गुडघ्यावर खोचायची आणि माझ्या लेकीला त्या पायांवर पालथी घालायची. कोमट केलेलं जवसाचं तेल आधी टाळूवर, मग पाठीवर, मग एकेका सांध्यात जिरवायची. नाक ओढायची, कपाळ दाबायची, हातपाय उलटसुलट फिरवायची. पोरगी टाहो फोडायची. मी दारातून "आत्याबाई, जरा हळू" म्हटलं की ती वरही पाहायची नाही. तुझं डोकं गोल दिसतं ते तुझ्या आईनं दाबलं म्हणून, नाहीतर दुधी भोपळा झाला असता, असं मलाच ऐकवायची. मग कढत पाण्याचे तांबे, मग ओव्याची धुरी, डोळ्यांत काजळ, आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात असं घट्ट गुंडाळणं की नुसतं नाक दिसावं. एवढं झालं की रडून दमलेली पोरगी दूध पिऊन झोपी जायची आणि सासू तिच्याकडं बघत बसायची. तेवढ्या वेळापुरता तिचा चेहरा एरवीसारखा कडक राहत नसे.

आमचं गाव वडनेरपासून दोन कोसांवर. मी सून होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि चौथी पास होते. तेवढ्या शिक्षणावर माझी जीभ फार चालायची, हे आज कबूल करते.

लेक झाली त्याच्या आदल्या दसऱ्याला आमच्या घरानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर सासूनं आपल्या हातानं घरातले देव गोळा केले आणि नदीत सोडून दिले. तिच्यासारखी शब्दाला पक्की बाई मी पाहिली नाही. पण लेकीच्या पाचवीला तिच्या जिवाची फार ओढाताण झाली. जुन्या रिवाजानं त्या दिवशी सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा पुजायचा, दिवा लावायचा. आता त्यातलं काही करायचं नव्हतं. दिवेलागणीला पाहते तर माझ्या बाजेच्या कोपऱ्यात दिवा. मी नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "काय पाहून राह्यली? अंधार पडला म्हून लावला." तिची स्वतःची दोन लेकरं अंगावर पिती असतानाच गेली होती. त्यांच्या पाचवीला तिनं सगळं रीतसर केलं होतं, तरी गेली होती. हे तिला कळत होतं, पण दिवा तिनं विझू दिला नाही.

अफूच्या बाबतीत मात्र तिची काही ओढाताण नव्हती. अफू तेव्हा घरोघरी असायची. कोनाड्यात एका डबीत काळा चिकट गोळा. बाया निंदणीला, वेचणीला निघाल्या की त्यातली राईच्या दाण्याएवढी दुधाच्या थेंबात कालवून बोटानं लेकराच्या जिभेला लावायच्या. लेकरू निजायचं, आई कामाला लागायची. माया नव्हती म्हणून कुणी देत नव्हतं. उन्हातान्हात रडून रडून लेकराचा घसा फुटू नये म्हणून देत होत्या. आज हे वाचून नाक मुरडणाऱ्या बाईनं आधी तीन महिन्यांचं लेकरू घेऊन दिवसभर कापूस वेचून दाखवावा, मग काय ते बोलावं.

आणि सगळ्यात आधी नाक मुरडणारी मीच होते. चौथी पास ना! मी सासूला सांगून टाकलं, माझ्या पोरीच्या जिभेला ते काळं लागणार नाही. पंचशील घेतलं तेव्हा नशा करायची नाही म्हटलं होतं की नाही? ती म्हणाली, ती दारूची गोष्ट, हे तर औषध आहे, माझी सगळी लेकरं याच्यावरच वाढली. आणि मी पटकन म्हणाले, "अन् जे दोन गेले ते?"

तोंडातून गेलं ते गेलं. सासू परातीत पीठ मळत होती. तिनं परात बाजूला सारली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "हिच्या आंगाची आन, मी देणार नाई." मी जिंकले. आग लागो त्या जिंकण्याला.

कार्तिकात वेचणी सुरू झाली. पोरगी तेव्हा तीन महिन्यांची होती. आम्ही दोघी सासूसुना एकाच शेतात जायचो. कमरेला ओटी बांधायची, पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये शिरायचं आणि दोन्ही हातांनी बोंडांतला कापूस ओढून ओटीत टाकत पुढं सरकायचं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठा कडुनिंब होता. वेचणाऱ्या बायांची सगळी तान्ही लेकरं त्याच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्यांत टांगलेली असायची, आणि खाली बसलेली असायची बुढी.

बुढी म्हणजे गावातली एकटी म्हातारी. तिचं जवळचं कुणी उरलं नव्हतं. कंबरेतून पार वाकली होती, वेचणं होत नव्हतं, म्हणून लेकरं सांभाळायची. प्रत्येक झोळीला बांधलेली दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली असायची. पाय हलवला की सगळी सहा लेकरं एकदम झुलायची. नावं तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून तिनं आपलीच नावं ठेवली होती. एक नकटा, एक काळी, एक झोपाळू, आणि माझी ती रडकी. लेकरू भुकेलं की ती उभी राहून लांब हाक द्यायची, "रडकीची माय, ये वं!" आणि मी पऱ्हाटीतून धावत सुटायची. तिच्या कमरेलाही एक डबी असायची. ज्या आया सांगून ठेवत, त्यांच्या लेकरांना ती त्यातलं द्यायची. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माझीला नाही. तिनं मान डोलावली होती.

माझी पोरगी नावाप्रमाणंच होती. दुपारपर्यंत चार-चार वेळा हाक यायची. मी धावत जायची, पाजायची, परत यायची, तोवर बाकीच्या बाया ओळ संपवून पुढं गेलेल्या. त्या चिडवायच्या, हिचं ध्यान पऱ्हाटीत कमी अन् निंबात जास्त. एकदा मुकादमीण सगळ्यांसमोर म्हणाली की लेकरू सांभाळायचं असेल तर उद्यापासून घरीच बस बाई. मला ते फार झोंबलं. माहेरी माझ्यासारखा वेचणारा हात नव्हता. त्या रागात मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोरगी पहाटेपासून किरकिर करत होती. पोट दुखत असावं. सासू विहिरीवर पाण्याला गेली होती. मी कोनाड्यातली डबी उघडली. राईच्या दाण्याएवढी अफू बोटावर घेतली, स्तनाला लावली आणि पोरीला छातीशी धरलं. तिनं कडू लागल्यासारखं तोंड केलं, मग भुकेपोटी प्यायला लागली. डबी होती तशी ठेवली. आजचा दिवसच, असं मी मनाशी म्हटलं. एवढं बोलून बसलेली मी, आता कुठल्या तोंडानं सासूला सांगणार होते?

सासू पाणी घेऊन आली तेव्हा पोरगी अजून कुरकुरतच होती. मी चुलीपाशी भाकरी बांधत होते. सासूनं तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि थोपटत थोपटत आत घेऊन गेली. बाहेर आली तेव्हा पोरगी निजली होती. सासू म्हणाली, आज शहाणी झाली बाई माझी. मीही हो म्हटलं.

शेतात गेल्यावर निजलेलीच झोळीत घातली आणि मी ओळ धरली. काय हात चालला त्या दिवशी! एक ओळ झाली, दुसरी झाली. मुकादमिणीनंही एकदा मान वर करून पाहिलं. ऊन चढलं तशी छाती भरून आली, पान्हा फुटला, चोळी ओली झाली. अंगाला वेळ कळते. रोज या वेळेपर्यंत दोन हाका येऊन गेलेल्या असायच्या. आज एकही आली नव्हती. आणि मला त्याचं बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. चोळी पोटापर्यंत भिजली होती, तरी मला बरं वाटत होतं, आणि मी आणखी एक ओळ धरली.

ती अर्धी झाली तेव्हा हाक आली. पण नेहमीसारखी लांब नव्हती. बुढीचा आवाज फुटत होता.

मी पोचले, माझ्या पाठोपाठ सासू पोचली. बुढीनं पोरगीला मांडीवर घेतलं होतं आणि तिचे तळवे जोरजोरात चोळत होती. बाकीची लेकरं रडत होती, त्यांच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. पोरगीचा हात वर धरून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली पडत होता. ओठ काळेनिळे झाले होते. एक श्वास यायचा, मग आम्ही तिघी वाट पाहायचो, मग दुसरा यायचा.

सासूनं पोरगीच्या तोंडाशी तोंड नेलं आणि वास घेतला. "बुढे, तू आफू देली?" ती म्हणाली. "नाई म्हटलं होतं ना हिनं तुले?"

बुढीनं माझ्याकडं पाहिलं. मग सासूकडं पाहिलं. तिचे हात थांबले नव्हते. "रडत होती," ती म्हणाली. "देली."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. माझी एक राई आणि बुढीची एक राई, अशी दोन मिळून झाली असणार. माझी एकटीची असती तर काही झालं नसतं. लेक मांडीवर मरत होती आणि मी हा हिशेब करत होते. तोंड उघडलं नाही. सासूनं बुढीच्या कमरेची डबी ओढून काढली आणि पऱ्हाटीत भिरकावली. तिला नाही नाही ते बोलली. बुढी ऐकत होती आणि तळवे चोळत होती.

कापसानं भरलेली मालकाची बैलबंडी धुऱ्याला उभी होती, ती तशीच वडनेरच्या दवाखान्याकडं हाकली. आम्ही कापसाच्या ढिगावर चढलो. बुढीलाही कुणी उतर म्हटलं नाही, कारण पोरगी तिच्याच हातात होती. मी घ्यायला हात पुढं केले तर खेकसली, तुझे हात कापतात, गप बस. रस्ताभर तिनं त्या लेकराला निजू दिलं नाही. तळव्यांना चिमटे घेतले, कानाला चोळलं, माझा पदर ओला करून तोंडावर मारला. श्वास थांबला की तोंडाला तोंड लावून हळूच फुंकर घालायची. तिच्या तोंडात दात नव्हते. गाल आत जायचे, फुगायचे, आत जायचे. सासू बंडीचा काठ धरून समोर पाहत होती. मी काय करत होते ते मला आठवत नाही. दूध वाहत होतं, एवढं आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरनं काय केलं ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी आम्हाला दाराबाहेर उभं केलं. मध्येच बाहेर येऊन विचारलं, कुणी दिली, किती दिली. बुढी पुढं झाली, "मीच देली साहेब, माही मत मारली गेली." त्यांनी तिला सगळ्यांदेखत फाडून काढलं. म्हातारपणी लेकरं मारायचा धंदा धरला का, असंही म्हणाले. ती वाकलेलीच होती, आणखी वाकली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. दोन हातांवर, आणि गप्प.

ऊन कलंडलं तेव्हा आतून आवाज आला. आधी मांजराच्या पिल्लासारखा, मग मोठा, मग तो रोजचा, अख्खं शेत डोक्यावर घेणारा. पोरगी रडली. बुढी माझ्याकडं वळली आणि नेहमीसारखं म्हणाली, "जाय वं रडकीचे माय, भूक लागली तिले."

दुसऱ्या दिवशी निंबाखाली दुसरी बाई बसली. बुढीला कुणी काढलं असंही नाही, पण एकाही आईनं आपली झोळी तिच्यापाशी टांगली नाही. ती घरात बसून राहू लागली. गावातली पोरं तिला नको ते म्हणत. मला ते घशाखाली उतरेना. मी रोज संध्याकाळी पोरगीला घेऊन तिच्याकडं जाऊ लागले. तिला म्हणायची, जरा तेल लावून दे. ती लावायची, सासूपेक्षा कितीतरी हळू. बायांनी तोंडात बोटं घातली. आणि नवल म्हणजे सासू काही बोलली नाही. उलट भाजी उरली की माझ्या हातात वाटी द्यायची, टाकून देण्यापेक्षा दे तिले, म्हणायची. नंतर नंतर भाजी उरायची नाही, मुद्दाम जास्त केलेली असायची. विहिरीवर बाया म्हणत, हिचं मन केवढं मोठं, लेकराच्या जिवावर उठली तिलाही धरून आहे. सासू ते ऐकून घ्यायची. मीही ऐकून घेतलं.

एकदा मी सांगायला तोंड उघडलं. नुसतं "माय, त्या दिवशी" एवढंच म्हणाले. बुढीचा हात पोरीच्या पाठीवर होता, तो तिनं उचलला नाही. "उगी राह्य," ती म्हणाली. "घर फुटंल. लेकराले दोघी लागतात वं." मला वाटलं, आई आणि आजी, दोघी लागतात हे खरंच आहे. त्यापलीकडं माझी अक्कल गेली नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी बुढी गेली. चार माणसांनी तिला नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सासू अंगणात पोरगीला न्हाऊ घालत होती. आता ती पायांवर मावत नव्हती, समोर बसवून पाणी घालावं लागायचं. मी गरम पाण्याचा हंडा आणून ठेवला आणि मला पुढं राहवलं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी देलती. तुमी विहिरीवर होत्या तवा."

तिच्या हातातला तांब्या तसाच वर राहिला. मला वाटलं, आता हा माझ्या डोक्यात बसतो, आणि बसला तर बरं होईल. तिनं तांब्या हंड्यात ठेवला.

"मीबी देलती," ती म्हणाली. "पाणी घेऊन आल्यावर. तू भाकरी बांधून राह्यलती."

लेकीच्या अंगाची आण घेऊन सासूनं अफू दिली होती. मी जे बोलले होते त्यानंतर तिला ते कबूल करता आलं नाही, आणि जे मी बोलले होते त्यामुळंच मलाही आलं नाही. मला इतके महिने वाटत होतं, एक माझी आणि एक बुढीची. तिला वाटत होतं, एक तिची आणि एक बुढीची. दोघींनी आपलं अर्धं पाप बुढीच्या पदरात टाकून भाकरी खाल्ली होती. दोघींना वाटत होतं, बुढीनं त्या दिवशी पाहिलं ते आपल्याकडं, आणि आपलं अर्धं अंगावर घेतलं ते आपल्यासाठी.

मी विचारलं, "मंग बुढीनं देली ते?"

सासूनं पोरगीच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "निजलेल्या लेकराले कोण देते वं?"

आणि ती रडली. स्वतःच्या दोन लेकरांचं बोलतानाही तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. पोरगी तिच्या तोंडाकडं पाहायला लागली आणि मग तिनंही भोकाड पसरलं.

कोनाड्यातली डबी सासूनं त्याच दिवशी चुलीत टाकली. पण आम्ही दोघींनी हे गावाला सांगितलं नाही. ज्या बाईला सांगायचं होतं ती गेली होती, असं आम्ही एकमेकींना म्हणालो. ते खरं नव्हतं. आम्हाला लाज वाटत होती. पुढं सासूही वारली, आणि मी एकटीच गप्प राहिले.

माझ्या लेकीला आता नातवंडं आहेत. कुणाच्या घरी बाळ झालं की ती हसत हसत गोष्ट सांगते, की मला तान्ही असताना एका म्हातारीनं अफू देऊन मारलं होतं, आजीनं आणि आईनं वाचवलं. लोकांना ती गोष्ट आवडते. मी शेजारी बसलेली असते आणि माझ्याकडं पाहून बायका हात जोडतात.

बाई गं, हे तुझ्यासाठी लिहिलं. तुला मारलं आम्ही दोघींनी. रस्ताभर तुझ्या तोंडात फुंकर घालणारी ती होती. यापुढं ती गोष्ट सांगशील तर अशी सांग.